महागडं पेट्रोल आणि बाईक: पैसे वसूल होतात का, हे तपासायचं कसं?

पंपावर दोन नोझल शेजारी शेजारी असतात. एकावर साधं पेट्रोल, दुसऱ्यावर एक्सपी९५ किंवा पॉवर९५ असं एखादं नाव. दुसऱ्याचा दर लिटरमागे सात-आठ रुपयांनी जास्त. कॉलेजच्या पार्किंगमध्ये विचारून बघा, प्रत्येकाचं मत ठरलेलं असतं. कोणी म्हणतं पिकअप सुधारतो, कोणी म्हणतं ॲव्हरेज तीन-चारने वाढतं, तर कोणी म्हणतं सगळी जाहिरातबाजी आहे. तिघेही अनुभवावरून बोलतात आणि तिघांचाही अनुभव खोटा नसतो. तरीही त्यातून निष्कर्ष निघत नाही.

संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी हा प्रश्न सरावाला फार चांगला आहे. प्रयोगशाळा लागत नाही, गाईड लागत नाही, आकडे रोज डोळ्यांसमोर असतात. आणि पीएचडीच्या मुलाखतीत जे विचारतात, म्हणजे यंत्रणा काय, परिणाम किती मोठा, मोजणार कसं, ते सगळं यात येतं. आपण हा प्रश्न त्याच क्रमाने सोडवू. शेवटी पेट्रोल कोणतं टाकायचं तेही कळेल.

ऑक्टेन नंबर नेमकं काय मोजतो?

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत प्लगपासून कडेकडे पसरत जाते. ही ज्योत पसरत असताना कडेला उरलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. ते फारच तापलं तर ज्योत पोहोचायच्या आधीच आपोआप एकदम पेट घेतं. त्यातून दाबाच्या लहरी उठतात आणि इंजिनातून खडखड असा धातूचा आवाज येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. सतत होत राहिलं तर पिस्टन खराब होतो.

ऑक्टेन नंबर म्हणजे आपली पाळी येईपर्यंत न पेटण्याची इंधनाची क्षमता. बस्स, एवढंच.

मोजपट्टी अशी ठरली: आयसोऑक्टेन हे द्रव्य नॉकिंगला चांगलं तोंड देतं, त्याला १०० गुण दिले. नॉर्मल हेप्टेन लगेच नॉक होतं, त्याला शून्य. १९२६ च्या सुमारास ग्रॅहम एडगर यांनी ही दोन द्रव्यं मोजपट्टीसाठी सुचवली. तुमचं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं आहे याचा अर्थ, ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांचं मिश्रण ज्या परिस्थितीत नॉक होईल, त्याच परिस्थितीत ते होतं. त्यात ९१ टक्के ऑक्टेन असतं असा त्याचा अर्थ नाही.

मोजणी एका खास एक-सिलिंडर इंजिनात होते. त्याचा कॉम्प्रेशन रेशो इंजिन चालू असतानाच बदलता येतो. रिसर्च ऑक्टेन नंबरसाठी ते इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवतात. मोटर ऑक्टेन नंबरसाठी ९०० फेऱ्या आणि १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेलं मिश्रण वापरतात. दुसरी परीक्षा कठीण, म्हणून तिचा आकडा लहान येतो. भारतात पंपावर रिसर्च आकडा सांगतात, तर अमेरिकेत दोन्हींची सरासरी. त्यामुळे अमेरिकेतलं ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१. अमेरिकी व्हिडिओ बघून ‘तिकडे तर ८७ वरही गाड्या चालतात’ असं म्हणणं म्हणजे सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकत्र करणं. संदर्भ वाचताना आकड्याआधी एकक आणि पद्धत बघायची सवय इथूनच लावा.

जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद?

आता यंत्रणेचा प्रश्न. मोजपट्टीची दोन टोकं घ्या. आयसोऑक्टेनच्या एका किलोत सुमारे ४४.३ मेगाज्यूल ऊर्जा असते, हेप्टेनमध्ये सुमारे ४४.६. एकाला १०० गुण, दुसऱ्याला शून्य, आणि ऊर्जा जवळजवळ सारखी! म्हणजे ऑक्टेन नंबर आणि इंधनातली ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथेनॉलचं उदाहरण तर याहून बोलकं. त्याचा ऑक्टेन नंबर १०० च्या वर, पण लिटरमागे ऊर्जा सुमारे २१ मेगाज्यूल. पेट्रोलची साधारण ३२. म्हणून २० टक्के इथेनॉल मिसळलं की ऑक्टेन वाढतो आणि लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. ‘जास्त ऑक्टेनचं पेट्रोल सावकाश जळतं’ असंही ऐकायला मिळतं. तेही इथेनॉल मोडून काढतं, कारण त्याची ज्योत पेट्रोलपेक्षा जलद पसरते.

मग रेसच्या गाड्या जास्त ऑक्टेन का मागतात? कारण त्यांचं इंजिन तसं बांधलेलं असतं. मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकं इंजिन त्याच ऊर्जेतून जास्त काम काढतं. पुस्तकातल्या आदर्श ऑटो चक्रात कॉम्प्रेशन रेशो १० असेल तर कार्यक्षमता ६०.२ टक्के येते, १२ असेल तर ६३ टक्के. खऱ्या इंजिनाचे आकडे याहून बरेच कमी असतात, पण दिशा तीच. मात्र जास्त दाबलं की नॉकिंगचा धोका वाढतो, म्हणून जास्त ऑक्टेन लागतं.

साखळी लक्षात घ्या. ऑक्टेन वाढल्यामुळे जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन बांधता येतं आणि त्या इंजिनातून फायदा मिळतो. तुमच्या बाईकचा कॉम्प्रेशन रेशो कारखान्यातच ठरलाय. पेट्रोल बदललं म्हणून तो बदलत नाही. साखळीची मधली कडी तुमच्याकडे नाही.

एक वाट उरते, ठिणगीची वेळ. काही इंजिनांना नॉक सेन्सर असतो. नॉकिंग होत नाही असं दिसलं तर ते ठिणगी थोडी आधी पाडतात आणि त्यातून थोडी जास्त ताकद मिळू शकते. आपल्याकडच्या १०० ते १५० सीसीच्या रोजच्या बाईकमध्ये सहसा असा सेन्सर नसतो. गाडीला कळतच नाही की आज टाकीत ९५ आहे. मग ती त्याचा फायदा घेणार कशी?

कोणत्या गाडीला काय लागतं?

म्हणजे ऑक्टेन हा उंबरठा आहे. इंजिनाची गरज भागली की वरचे गुण वाया जातात. आठ फूट उंच दारातून सहा फुटी माणूस वाकल्याशिवाय जातो. दार दहा फुटांचं केल्याने तो जास्त वेगाने जात नाही.

देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आलं आणि त्यात साध्या पेट्रोलसाठी किमान ९१ ऑक्टेन ही अट होती. रोजच्या लहान बाईकचा कॉम्प्रेशन रेशो साधारण १० च्या आसपास असतो. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चा ९.५ आहे. या गाड्यांना साधं पेट्रोल पुरतं. यामाहा आर१५ चा ११.६, हिमालयन ४५० चा ११.५. इथे गाडीचं मॅन्युअल उघडून बघायलाच हवं. नुसत्या कॉम्प्रेशन रेशोवरून ठरवू नका, कारण ज्वलनकक्षाचा आकार, पाण्याने थंड होणारं इंजिन आणि ठिणगीची वेळ यांनीही गरज बदलते. कंपनीने ९५ सांगितलं असेल तर ९५ टाका, तिथे काटकसर करू नका. ९१ सांगितलं असेल तर ९१ पुरेसं आहे.

यात अलीकडे एक भर पडलीय. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की २० टक्के इथेनॉल मिसळल्यामुळे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन नंबर ९५ पर्यंत गेला आहे. म्हणजे नावात ९५ असलेलं पेट्रोल घेताना ऑक्टेनमधला जो फरक तुम्ही विकत घेताय असं वाटतं, तो बराच आटलेला असू शकतो. ई२० मुळे जुन्या गाड्यांच्या रबरी भागांचं काय होतं हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर ऑक्टेनच्या आकड्यात शोधू नका.

लडाखला जाणाऱ्यांसाठी थोडं. ‘उंचावर ताकद कमी होते, म्हणून तिकडे जास्त ऑक्टेन टाकावं’ असा सल्ला ग्रुपवर फिरतो. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईच्या जेमतेम दोन-तृतीयांश. सिलिंडरमध्ये हवाच कमी शिरते, त्यामुळे शेवटचा दाबही कमी राहतो आणि नॉकिंगची शक्यता घटते. ताकद कमी होते हे निरीक्षण खरं, पण त्याचं कारण विरळ हवा आहे आणि तिच्यावर ऑक्टेन हा इलाज नाही.

किती फरक पडला तर परवडेल?

प्रयोगाकडे जाण्याआधी हा आकडा काढायचाच. साधं पेट्रोल १०४ रुपये, ९५ वालं ११२ रुपये धरू. ११२ भागिले १०४ म्हणजे १.०७७. खर्च बरोबरीत यायला ॲव्हरेज ७.७ टक्क्यांनी वाढायला हवं. गाडी ५० देत असेल तर ती जवळजवळ ५४ द्यायला हवी. ५१ दिलं तर सुधारणा खरी असूनही तुम्ही तोट्यात.

१०० ऑक्टेनचं पेट्रोलही मोठ्या शहरांत मिळतं. इंडियन ऑइलने एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आणलं. त्याचा दर १६० रुपये धरला तर तीच गाडी ७७ द्यायला हवी. हे कुठल्याही इंधनाने होणार नाही.

वर्षाचा हिशेब असा: रोज ३० किलोमीटर, वर्षातले ३०० दिवस, म्हणजे ९,००० किलोमीटर. ५० च्या ॲव्हरेजने १८० लिटर. लिटरमागे ८ रुपये जास्त, म्हणजे वर्षाला १,४४० रुपये. १०० ऑक्टेनवर हाच जादा खर्च १०,०८० रुपये. फेलोशिप चार-चार महिने अडकलेली असताना ही रक्कम लहान नाही.

आधी कोणी मोजलंय का?

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांवर प्रीमियम पेट्रोलची चाचणी घेतली. ताकद, इंधन-बचत, धूर, कशातही लक्षणीय फायदा दिसला नाही. २०१७ मध्ये त्यांनी दुसरा गट घेतला: ज्या गाड्यांना प्रीमियमची शिफारस आहे पण सक्ती नाही. तिथे इंधन-बचत सरासरी २.७ टक्क्यांनी वाढली. पण वेगवेगळ्या गाड्यांचे आकडे उणे १ ते अधिक ७.१ टक्के इतके पसरलेले होते. प्रीमियमची किंमत मात्र तिथे २० ते २५ टक्के जास्त.

हा संदर्भ वापरताना दोन गोष्टी लिहायच्या. या चाचण्या कारवर झाल्या, बाईकवर नाही. आणि त्या गाड्यांची इंजिनं ठिणगीची वेळ बदलू शकणारी होती. म्हणजे जिथे फायदा होण्याची यंत्रणा हजर होती, तिथेही तो सरासरी तीन टक्क्यांच्या आत राहिला. सेन्सर नसलेल्या बाईककडून जास्त अपेक्षा ठेवायला कारण दिसत नाही.

स्वतः मोजायचं असेल तर

‘मागच्या वेळी ४६ दिलं, ९५ टाकल्यावर ४९ दिलं.’ हा प्रयोग नाही, ही गोष्ट आहे. का ते बघू.

पहिली अडचण भरण्याची. गाडी मेन स्टँडवर होती की साइड स्टँडवर, नोझल कुठे कट झालं, यावरून पातळीत २०० मिलीचा फरक सहज पडतो. ५ लिटर भरताना २०० मिली म्हणजे ४ टक्के. वर दिलेला ४६ ते ४९ हा फरक साडेसहा टक्क्यांचा आहे. दोन्ही टाक्यांमध्ये अशी चूक विरुद्ध दिशेने झाली तर तो नुसत्या भरण्यातूनही येऊ शकतो.

दुसरी अडचण सोबत बदललेल्या गोष्टींची. माणूस महागडं पेट्रोल कधी टाकतो? सर्व्हिसिंग करून आणल्यावर, लांबच्या ट्रिपला निघताना, टायरमध्ये हवा भरून झाल्यावर. मग ॲव्हरेज पेट्रोलने वाढलं की हायवेने, हे सांगता येत नाही. शिवाय प्रीमियम पेट्रोलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनंही घालतात. एखाद्यात इथेनॉल कमी असेल तर लिटरमागची ऊर्जाच जास्त असते. फरक दिसलाच तरी तो ऑक्टेनचा आहे हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

तिसरी अडचण टाकीत उरलेल्या पेट्रोलची. ३ लिटर ९१ उरलं असताना ७ लिटर ९५ भरलं तर टाकीत साधारण ९३.८ होतं. म्हणून रिझर्व्ह लागेपर्यंत चालवा आणि पेट्रोल बदलल्यानंतरची पहिली टाकी हिशेबात धरू नका. टाकी रिकामी करायला नळीने तोंडाने पेट्रोल ओढण्याचा उद्योग अजिबात करू नका.

चौथी अडचण तुमची स्वतःची. महाग पेट्रोल टाकलंय हे माहीत असलं की पिकअप सुधारल्यासारखा वाटतो आणि आपण गाडीही जपून चालवतो. पेट्रोल भरायला मित्राला पाठवा. कोणतं भरलं ते त्याने वहीत लिहायचं, तुम्हाला सांगायचं नाही.

आता महत्त्वाचं: किती टाक्या मोजायच्या? संख्याशास्त्रात एक ढोबळ नियम आहे. मोजमापातला चढउतार शोधायच्या फरकाच्या किती पट आहे ते काढा, त्याचा वर्ग करा आणि १६ ने गुणा. प्रत्येक गटात तेवढी निरीक्षणं लागतात. चढउतार ४ टक्के धरू.

‘थोडासा, म्हणजे २ टक्के फरक पडतो का?’ हा प्रश्न असेल तर ४ भागिले २ म्हणजे २, त्याचा वर्ग ४, गुणिले १६ म्हणजे ६४. दोन्ही पेट्रोलच्या मिळून १२८ टाक्या. टाकीला २५० किलोमीटर धरले तर ३२,००० किलोमीटर. साडेतीन वर्षं. तोवर टायर, चेन आणि बहुधा तुमचा गावही बदललेला असेल.

पण ‘८ टक्के फरक पडतो का?’ हा प्रश्न असेल तर ४ भागिले ८ म्हणजे अर्धा, वर्ग पाव, गुणिले १६ म्हणजे ४. थोडी मोकळीक ठेवून ६ घेऊ. तीन-तीन टाक्यांचे गट करा, प्रत्येक गटातली पहिली टाकी सोडून द्या, उरलेल्या दोन मोजा. प्रत्येक पेट्रोलचे तीन गट. दर दोन गटांत कोणतं आधी, ते नाणं उडवून ठरवा, म्हणजे पावसाळा एकाच्याच वाट्याला येणार नाही. एकूण १८ टाक्या, ४,५०० किलोमीटर, सहा महिने. एकाच गटातल्या दोन टाक्या एकमेकींसारख्या येतात, हे निष्कर्ष लिहिताना विसरू नका.

सगळ्या लेखातला कळीचा मुद्दा हाच. पहिला प्रश्न ऐकायला जास्त शास्त्रीय वाटतो, पण तो तुमच्या आवाक्यात नाही आणि तुमच्या निर्णयालाही लागत नाही. ७.७ टक्क्यांचा आकडा आधी काढल्यामुळे कळलं की २ टक्के फरक असला काय नि नसला काय, खिशाला सारखंच. साडेतीन वर्षांचा प्रयोग सहा महिन्यांवर आला तो प्रश्न नीट विचारल्यामुळे.

निष्कर्षाची भाषाही जपा. सहा-सहा टाक्यांनंतर सरासरी फरक शून्याच्या आसपास आला, तर त्याभोवती दोन्हीकडे साधारण ५ टक्क्यांची अनिश्चितता राहते. त्यावरून ‘काहीच फरक पडत नाही’ असं म्हणता येत नाही. ‘पैसे वसूल होतील एवढा फरक पडत नाही’ एवढं मात्र म्हणता येतं. ही दोन वाक्यं वेगळी आहेत. व्हायव्हाला बसलेला परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतो.

मग टाकायचं काय?

मॅन्युअलमध्ये ९१ असेल आणि गाडी नीट चालत असेल तर साधं पेट्रोल टाका. मॅन्युअलमध्ये ९५ असेल तर ९५. घाटात मागे माणूस बसलेला असताना वरच्या गिअरमध्ये इंजिन खडखडत असेल तर आधी गिअर उतरवा. तरी आवाज येत राहिला तर मेकॅनिककडून कार्बन, प्लग आणि टायमिंग तपासून घ्या. ते होईपर्यंत ९५ टाकणं शहाणपणाचं. १०० ऑक्टेन मात्र, कंपनीने सांगितलं नसेल तर, विसरून जा. जास्त ऑक्टेनने गाडीचं नुकसान होत नाही, फक्त खिशाचं होतं.

तुमच्या सिनॉप्सिसचा मसुदा लिहीत असाल तर त्यातलं मुख्य उद्दिष्ट समोर घ्या आणि शेजारी दोन आकडे लिहा: किती फरक सापडला तर कोणाचा तरी निर्णय बदलेल, आणि तुमच्या मोजमापात चढउतार किती आहे. वर्ग करा, १६ ने गुणा. आलेला आकडा तीन वर्षांत बसत नसेल तर आत्ताच गाईडशी बोला. नमुने गोळा करून झाल्यावर हे कळलं तर फार महागात पडतं.